निळा भात

१

"टाकी मेली," विजयाताईंनी सकाळी फोनवर सांगितलं.

मी मंडळाचा सेक्रेटरी. पाण्याच्या टाक्या फुटतात, चोरीला जातात, एकदा तर एकीत घूस सापडली होती. पण टाकी मेली म्हणजे कोणती, हे विचारायची गरज पडली नाही. भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या मराठी मंडळात जिवंत टाकी एकच होती.

हॉलच्या मागे मोठी काळी प्लॅस्टिकची टाकी होती आणि तिच्यात एक लहान टाकी उपडी घातलेली. मंडळाच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, भाज्यांची देठं, आंबलेली डाळ, भात, सगळं पांढऱ्या नरसाळ्यातून आत जायचं. आत त्याचा गॅस व्हायचा आणि वरची टाकी हळूहळू वर उचलली जायची. संध्याकाळी तिच्याच गॅसवर आमचा चहा. काशिनाथराव आगाश्यांनी ती बांधली होती. आयुष्यभर कारखान्यात कोळशाच्या वीजघरांसाठी अगडबंब यंत्रं बनवली आणि रिटायर झाल्यावर ओल्या कचऱ्याच्या मागे लागले. त्यांचं भाषण आम्हाला तोंडपाठ होतं. "थंड देशात या टाकीला गोधडी पांघरावी लागते हो. आपल्याकडे सूर्यच पांघरूण घालतो. उकडतंय म्हणून रडता कशाला? हा उकाडाच आपली कमाई आहे." ऐकताना आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो. आता कोणी तसं बोलत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

काशिनाथराव फेब्रुवारीत गेले. साखरेचं दुखणं, पायाची जखम वर्षभर भरलीच नाही. त्यांचं तेरावं होऊन दोन आठवडे झाले असतील-नसतील, तोच ही टाकी.

मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा वरची टाकी तळाला बसली होती. शेगडी पेटवली, तर नुसता फुस्स आवाज. बुडबुडा नाही, काही नाही. आणि पुढच्या आठवड्यात सरकारी पाहणी पथक येणार होतं. त्यांना पसंत पडलं, तर भोपाळच्या पंधरा वसाहतींत अशा टाक्या बसणार होत्या. काशिनाथरावांनी अंथरुणातून पत्रं लिहून-लिहून ते पथक ओढून आणलं होतं.

आमचे अध्यक्ष तिथेच उभे होते, कमरेवर हात ठेवून. त्यांनी नरसाळ्याकडे बोट दाखवलं. पांढऱ्या प्लॅस्टिकवरून तपकिरी ओघळ खाली आला होता.

"बघा. गुटख्याची पिचकारी. तंबाखू, चुना, कोण जाणे काय काय गेलं असेल आत. रोज थुंकत असणार हा!"

हा म्हणजे रवींद्र. मंडळाचा राखणदार. हॉल झाडायचा, टाकीला खायला घालायचा, आणि हॉलमागच्या खोलीत बायको-मुलीसह राहायचा. काशिनाथरावांनीच त्याला ठेवलं होतं.

"रवींद्र, ही पीक तुझी आहे का?" मी विचारलं. मला वाटलं, तो शपथा घेईल, चिडेल.

तो ओघळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो साहेब. माझीच आहे. गलती झाली."

२

अध्यक्षांना तेवढं पुरलं. रविवारच्या बैठकीत रवींद्रला काढायचं, खोली रिकामी करून घ्यायची, आणि पथकाला 'कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' असं कळवायचं. त्याची मुलगी यंदा दहावीला. परीक्षा चालू होत्या. अध्यक्ष म्हणाले, परीक्षा झाल्यावर जाऊ दे हवं तर, आपण काही राक्षस नाही.

मला ते पचेना. मी धीट माणूस नाही. अध्यक्षांसमोर माझं तोंड उघडत नाही, हे सगळ्या पिपलानीला माहीत आहे. म्हणून मी दुसऱ्याचं तोंड आणायचं ठरवलं आणि शाहपुऱ्याला सुचेताताईंकडे गेलो.

सुचेताताई मूळ ग्वाल्हेरच्या. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. कोणत्या पोरानं प्रयोगशाळेतलं काय पळवलं, हे त्या बोटांवरच्या डागावरून सांगायच्या. रिटायर झाल्यावर सोसायटीतल्या पाण्याची मोटर, हरवलेला हार आणि एका वकिलाचं गायब झालेलं मांजर अशी तीन प्रकरणं त्यांनी निकालात काढली होती. कौतुक केलं तर रागावतात.

"सेक्रेटरी, तुम्ही मला बोलावता कारण तुम्हाला स्वतः बोलायची भीती वाटते," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालायला लागल्या.

टाकीपाशी त्यांनी आधी वास घेतला. मी नाकाला रुमाल लावला, त्यांनी माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

"जास्त खायला घातलं असतं तर आंबट वास आला असता. टाकीला अपचन होतं, माणसासारखंच. हा तसा नाही. हिला कोणीतरी काहीतरी पाजलंय."

मग त्या नरसाळ्यावर वाकल्या. नरसाळं भिंतीच्या आडोशाला, सावलीत होतं. आत कडेला भाताची काही शितं चिकटून वाळली होती. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ती इतक्या जवळून पाहिली, की मला वाटलं, चाखतात की काय.

"सेक्रेटरी, तुमच्या मंडळात भात कोणत्या रंगाचा होतो?"

"पांढरा. सणाला केशरी."

"मग हा निळा का आहे?"

मी पाहिलं. जिथे तपकिरी ओघळ भाताला लागला होता तिथे शितं निळी होती. निळी म्हणजे जवळजवळ काळी, शाईत बुडवल्यासारखी.

३

"तुम्ही मलाच विचारणार, माहीतच होतं मला," विजयाताई म्हणाल्या. मंडळाचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात. पुण्याहून लग्न होऊन इथे आल्याला त्यांना तीस वर्षं झाली, तरी भोपाळच्या पोह्यांवर अजून राग आहे.

"तुम्ही फरशी कशानं पुसता?" सुचेताताईंनी विचारलं.

"फिनेलनं. आणि बादली मोरीतच ओतते, टाकीत नाही. काशिनाथरावांनी एकदा असं झापलं होतं मला! म्हणे, त्यातलं चमचाभर गेलं तरी टाकीला जुलाब होतील."

"तुम्हाला टाकी नकोच होती ना?"

"नकोच होती. वास यायचा. मी तोंडावर सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, विजयाताई, तुमच्या भाताच्या पातेल्यात जेवढी ताकद आहे तेवढी त्या सिलिंडरमध्ये नाही, तुम्ही फक्त फेकायचं थांबवा." त्या हातातल्या फडक्याची उगीच घडी करत राहिल्या. "नको होती मला. पण मेलेली नको होती हो. परवा चहाला सिलिंडर लावला आणि माझ्याच्यानं तो चहा प्यायवला नाही."

"तुमच्याशिवाय टाकीकडे कोण जातं?"

"रवींद्र. तो सोलरवाला सत्यजित, छतावर माप घ्यायला येतो. आणि लीलाताई येतात बिचाऱ्या. तेरावं झाल्यापासून दुपारी येऊन टाकीजवळ बसतात. मी म्हटलं, बसून राहण्यापेक्षा मटार सोला माझ्याबरोबर, मन रमेल. तर तेही होईना. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही गं, सोलवटलेत."

लीलाताई म्हणजे लीलावती, काशिनाथरावांच्या पत्नी. सुचेताताईंनी मान हलवली आणि फिनेलची बाटली मागून घेतली. एका वाटीत भात घेऊन त्यावर थेंबभर टाकलं. भात पांढराच राहिला.

"तुम्ही सुटलात," त्या म्हणाल्या.

"मी अडकले कधी होते?" विजयाताईंनी विचारलं. पण त्यांचा चेहरा हलका झालेला मला दिसला.

४

सत्यजित छतावर भेटला. तिशीचा मुलगा, घरांवर सोलर पॅनल लावून देण्याचा धंदा. मंडळाच्या छतासाठी तो वर्षभर मागे लागला होता. काशिनाथरावांशी त्याचं कडाक्याचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. पॅनल धुवायची पिचकारी आणि कसलंसं कॅनही त्याच्याजवळ होतं. मला तर तोच हवा होता. नीटनेटका खलनायक दिसत होता, शर्टसुद्धा इस्त्रीचा.

"आंटी, मी पागल आहे का?" तो म्हणाला. "टीम येणार म्हणून मी स्वतःच्या खर्चानं इथे दोन पॅनल लावून डेमो देणार होतो. टाकी बंद, तर टीमचा दौरा बंद. माझा पण नुकसानच ना?"

"कॅनमध्ये काय आहे?"

"सादा पानी. हुंगून बघा."

सुचेताताईंनी खरंच हुंगलं. मग विचारलं, "भांडलात कशावरून?"

त्यानं पिचकारी खाली ठेवली. खाली रस्त्यावरून सिटी बस गेली तिचा आवाज आला.

"मी म्हटलं, काका, आता जमाना सोलरचा आहे. आपल्याकडे धूप एवढी आहे, की बाकी काही लागतच नाही. गोबरगॅस वगैरे गाव की चीज आहे. ते हसले. म्हणाले, ऊन संध्याकाळी घरी जातं रे. नंतरच्या चहाचं काय? ऊन आहे, वारा आहे, नर्मदेचं पाणी आहे, घराघरांत कचरा आहे. एक थकलं की दुसऱ्यानं उठायचं. तुम्ही सगळे एकट्यानं जिंकायला निघालात. मी गुस्स्यात निघून आलो. पंधरा दिवसांनी ते बिस्तरावर पडले. मी भेटायला गेलोच नाही. सोचा, बरे झाले की जाऊ."

त्यानं इस्त्रीच्या बाहीनं डोळे पुसले. माझा खलनायक गेला.

५

रवींद्रच्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती, म्हणून आम्ही त्याला बाहेर बोलावलं. सुचेताताईंनी पर्समधून कोपऱ्यावरच्या टपरीवरून घेतलेली गुटख्याची पुडी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"घे. टेन्शनमध्ये असशील."

तो मागे सरकला. "नको ताई. मी... सध्या मन नाही."

"खिशात काय आहे?"

त्यानं निमूट खिशातून बडीशेपची डबी काढली. घासून-घासून तिचं झाकण चकचकीत झालं होतं.

"कधी सोडलास गुटखा?"

खोलीच्या दारातून त्याची बायको म्हणाली, "दोन साल होतील. काकांनी कसम घातली होती. बेटीच्या डोक्यावर हात ठेवून. तेव्हापासून हातही लावला नाही यांनी."

"तू आत जा," रवींद्र तिला म्हणाला.

"रवींद्र," सुचेताताई हळूच म्हणाल्या, "जी पीक तू टाकलीच नाहीस ती तुझी कशी?"

"आता काय फायदा पूछताछ करून, ताई? मी कबूल केलं ना. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. छोड दीजिए."

"खोलीही जाईल."

"जाऊ द्या." तो डबी उघडझाप करत राहिला. "काकांनी मला खूप दिलं. एवढं तर मी करू शकतो."

एवढं म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. परत येताना सुचेताताई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. शाहपुऱ्याचा तलाव दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, "तो खोटं बोलतोय. पण स्वतःला वाचवायला नाही. तुम्ही सांगा, या मंडळात असं कोण आहे, जिच्यासाठी रवींद्र घरदार सोडेल?"

त्या 'जिच्यासाठी' म्हणाल्या, हे माझ्या लक्षात आलं आणि हँडल जरा डगमगलं.

६

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एका बशीत भात होता. शेजारी त्यांनी येताना औषधांच्या दुकानातून घेतलेली छोटी तपकिरी बाटली. जखमेवर लावतात ते औषध. त्यांनी कापसानं एक थेंब भातावर सोडला. पाहता-पाहता शितं निळी-काळी झाली.

"आठवीच्या पुस्तकात असतं. आयोडीन पिष्टमय पदार्थावर पडलं की निळं होतं. तुम्ही आठवी पास आहात ना?"

"झालो होतो. कसाबसा."

"ओघळ गुटख्याचा असता तर भात लाल झाला असता. हे जखम धुवायचं औषध आहे, आणि ओघळावरून दिसतं, की थेंब-दोन थेंब नाही, बाटल्या गेल्या आत. जंतू मारायला बनवलेलं. आणि ती टाकी चालते कशावर? जंतूंवर. आता विचार करा, कोणाच्या घरी या बाटल्यांची रांग होती?"

विचार करायची गरज नव्हती. मी स्वतः पाहिली होती ती रांग. काशिनाथरावांच्या पलंगाशेजारच्या कपाटात तपकिरी बाटल्या, गोळ्यांच्या पट्ट्यांचे गठ्ठे, कापूस, पट्टीचं कापड. दर वेळी भेटायला गेलो की तो वास यायचा.

"आणि अंगठे," सुचेताताई म्हणाल्या. "गोळ्यांच्या पट्टीतून एक गोळी काढायला अंगठ्यानं दाबावं लागतं. वर्षभराच्या उरलेल्या गोळ्या काढल्या तर दोन्ही अंगठे सोलवटणारच."

"पण त्या का करतील असं? त्यांच्या नवऱ्याची टाकी!"

"माहीत नाही. पण वाईट हेतूनं नाही, एवढं सांगते." त्यांनी एक लिंबू चिरलं आणि त्या निळ्या भातावर पिळलं. निळा रंग उडून गेला. भात पुन्हा पांढरा, जसं काही घडलंच नव्हतं. "नरसाळ्यावर अर्धं लिंबू पिळलं, की पुरावा संपला. लीलाताईंना आयुष्यात कधी कळणार नाही. मला तसं करावंसं वाटतंय, सेक्रेटरी. खरंच वाटतंय."

"मग रवींद्र?"

त्यांनी उरलेलं अर्धं लिंबू ओट्यावर ठेवलं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लीलाताईंकडे गेलो. घर नीटनेटकं होतं. पलंग काढून टाकलेला. पलंगाशेजारचं कपाट उघडं आणि रिकामं.

"औषधं कुठे गेली, वहिनी?" मी विचारलं. मला वाटलं होतं, विचारताना माझा आवाज कापेल. तो कापलाच.

"त्यांच्या टाकीत घातली," लीलाताई सहज म्हणाल्या. चहाचे कप आमच्यापुढे ठेवले. अंगठ्यांवर पट्ट्या होत्या. "गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवू नयेत म्हणतात. दुकानदार परत घेईना. कचऱ्यात टाकायची, तर ती कचरा वेचणारी पोरं येतात, गोळ्या रंगीत असतात, तोंडात घातल्या तर? मोरीत ओतलं, तर तलावात जाईल. चौऱ्याऐंशीच्या त्या डिसेंबरात आम्ही इथेच होतो. विष आमच्या वसाहतीपर्यंत आलं नाही, माणसं आली. डोळ्यांवर ओली फडकी धरून. तेव्हापासून मी उंदराचं औषधसुद्धा उघड्यावर टाकत नाही. या गावात राहून कसं टाकायचं?"

आम्ही चहाला हात लावला नव्हता.

"ते नेहमी म्हणायचे, टाकीच्या पोटात सगळं जिरतं. मग म्हटलं, त्यांच्या टाकीपेक्षा सुरक्षित जागा कोणती? दोन दुपारी बसून गोळ्या काढल्या. बाटल्या ओतताना रडू आलं मला. रवींद्र आला आणि रिकाम्या बाटल्यांची पिशवी त्यानंच उचलली. चांगला मुलगा आहे. पण हल्ली फिरकत नाही. त्याला काही झालंय का?"

सुचेताताईंनी सांगितलं. तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, पण इतकं सावकाश बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. टाकी बंद पडली आहे. का बंद पडली. रवींद्रनं कोणता आळ स्वतःवर घेतला आहे.

लीलाताईंनी अंगठ्यांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"जिवंत होतं ते?"

"हो. आतले जंतूच सगळं काम करायचे."

"मला माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं असणार. शंभरदा सांगितलं असणार. मी हं हं करायचे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचे." मग त्या म्हणाल्या, "वर्षभर तेच औषध लावलं मी पायाला. रोज सकाळ-संध्याकाळ. तिथले मेले नाहीत. आणि हे मेले."

सुचेताताईंनी त्यांचा हात धरला. आणि मला लाज वाटली, कारण तेरा दिवस आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे जेवणाचे डबे पोचवले होते, पण ते कपाट आवरायला बसू का, हे एकानंही विचारलं नव्हतं.

८

रविवारी बैठकीत रवींद्र किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा होता. अध्यक्षांनी घसा साफ केला. तेवढ्यात लीलाताई आत आल्या. काशिनाथराव गेल्यापासून त्या पहिल्यांदाच सभागृहात येत होत्या. सगळे उभे राहिले.

"टाकी मी मारली," त्या म्हणाल्या, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

रवींद्र मध्येच बोलला, "काकू, तुम्ही कशाला आलात? मी सांभाळलं होतं ना!"

"तू सांभाळलंस. म्हणूनच आले."

अध्यक्ष गोंधळले. त्यांना रागावायची सवय आहे, पण रागावायला कोणी उरलंच नव्हतं. ते म्हणाले, जाऊ द्या वहिनी, हवामानामुळे बंद पडली असं पथकाला कळवू. लीलाताई म्हणाल्या, "नाही. जे झालं तेच कळवा. नाहीतर उद्या दुसरी कोणीतरी बाई हेच करेल."

मी तसंच कळवलं. पथक आलं नाही. पंधरा टाक्या दुसऱ्या शहरात गेल्या. काशिनाथरावांच्या वर्षभराच्या पत्रांचं एवढंच झालं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते कमी होईल असं दिसत नाही.

बैठक संपली तरी कोणी हललं नाही. विजयाताईंनी विचारलं, "पुन्हा सुरू नाही का करता येणार?"

"विरजण लागतं," रवींद्र म्हणाला. "चालू टाकीतलं पाणी. काका म्हणायचे, दह्यासारखंच आहे. पण आपली तर एकच होती."

"एकच नव्हती," लीलाताई म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. "चार इमली वसाहतीत त्यांच्या ओळखीची ती रसिका राहते ना, तिच्या बंगल्यात. तिलाही टाकी करायची होती, तर हे विरजण घेऊन गेले होते. माझ्या पुरणाच्या पातेल्यातून! मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी."

रसिकाची टाकी मजेत चालू होती. आमची टाकी उपसली, धुतली, उन्हात वाळवली. ते विषारी पाणी कुठे टाकणार, हा प्रश्न लीलाताईंनी आधी विचारला, म्हणून रवींद्रनं ते प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून सुकवलं आणि सुकलेलं सगळं गोणीत बांधून, दवाखान्यांचा कचरा जाळतात तिकडे दिलं. मग तो आणि सत्यजित चार इमलीहून दोन बादल्या घेऊन आले, स्कूटरवर, सांडत-सांडत. पाडव्याला टाकी उठली नाही. श्रीखंड-पुरी सिलिंडरवरच झाली. एप्रिल चांगला तापला आणि एका दुपारी विजयाताईंचा फोन आला, "अहो, वर आलीय."

संध्याकाळी चहा झाला. पहिला कप लीलाताईंना दिला. त्या टाकीजवळच बसल्या होत्या. वरची टाकी वीतभर उचलली गेली होती.

"ते असते तर मला काय रागावले असते," त्या म्हणाल्या. "आख्खं भाषण दिलं असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्यांनी कप हातात नुसता धरून ठेवला होता.

"या वेळी मी ऐकलं असतं."